दोघांची नाव

जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर उजेड पसरला होता, पण बाहेर कसलीच हालचाल नव्हती. रोज बाबूजी माझ्या आधी उठत. त्यांच्या खोकल्याने, नाहीतर काटक्या मोडण्याच्या आवाजाने मला जाग येई. त्या सकाळी नुसतं पाणी ऐकू येत होतं. मी थोडा वेळ तशीच पडून राहिले, मग चेन उघडून बाहेर आले.

नाव नव्हती.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ती ओढून पाण्यापासून बरीच वर, कोरड्या वाळूवर आणून ठेवली होती. तिथून पाण्यापर्यंत आता एक रुंद, गुळगुळीत चर उमटला होता आणि चराच्या बाजूने अनवाणी पावलांचे ठसे गेले होते. धुकं अजून पाण्यावर होतं. दहा-बारा हातांपलीकडे नदी कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

मी हाक मारली. "बाबूजी." मग जरा मोठ्याने. 

त्यांचा तंबू उतरवलेला होता. नीट घडी घालून, पिशवीत भरून माझ्या तंबूशेजारी ठेवलेला. त्याच्याजवळ तांदूळ-डाळीची थैली, बटाटे, पाण्याचा डबा, पातेलं, आगपेटी, सगळं एका रांगेत. तरंगायची दोन्ही जाकिटं, माझं आणि त्यांचं, एकावर एक. आणि सगळ्यात वर त्यांच्या चष्म्याचं घर.

मी ते उघडलं. चष्मा आत होता.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तेव्हाही, नागपूरला, हेच काम करत होते. बाबूजींचा नंबर मीच काढला होता. चष्म्याशिवाय त्यांना पलीकडचा काठ दिसत नसे. मी घर बंद केलं, होतं तिथेच ठेवलं आणि वाळूवर बसले.

बाबूजी म्हणजे माझे सासरे, हिवराज राहांगडाले. तुमसरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. उंच, कमी बोलणारे, रोज सकाळी तलावात पोहणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा लोकेश, माझा नवरा. या सहलीच्या दोन वर्षं आधी मेंदूत ताप जाऊन तो आठवड्याभरात गेला. आमची मुलगी मिथू तेव्हा तीन वर्षांची होती.

नाव लोकेशची होती. फायबरची, पिवळी, लांबोडी, दोघांनी पुढे-मागे बसून वल्हवायची. ती त्याने गोव्याहून मागवली होती आणि बापलेकांनी तलावात तिचा सराव केला होता. मलाही त्याने चार-सहा वेळा पुढे बसवलं होतं. हिवाळ्यात वैनगंगेतून पवनीपासून मार्कंड्यापर्यंत जायचं, वाळूवर मुक्काम करायचा, असा त्या दोघांचा बेत होता. तो हिवाळा आला तेव्हा लोकेश नव्हता. पुढे नाव गोठ्याच्या छताला दोरांनी टांगलेली राहिली.

मग त्या नोव्हेंबरात बाबूजींचा फोन आला. "नाव पडून आहे," ते म्हणाले. "तू येतेस का?"

त्यांनी एवढंच विचारलं. मी लगेच हो म्हटलं. त्यांना त्याचं थोडं आश्चर्य वाटलं असावं, कारण मला नदीची हौस कधीच नव्हती. पण मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती तुमसरच्या घरात सांगणं मला जमत नव्हतं. तिथे बैठकीत लोकेशचा फोटो होता, सासूबाई रोज त्याला ताजा हार घालत, आणि मी तोंड उघडायच्या आत त्या विचारत, "दमली असशील, चहा ठेवू का?"

पवनीच्या घाटावर आम्ही नाव पाण्यात सोडली. मिथूला घेऊन सासूबाई मार्कंड्याला यायच्या होत्या, आम्ही पोचू त्या दिवशी. बाबूजी मागे बसले, कारण नावेची दिशा मागचा माणूस ठरवतो. मी पुढे. अशा नावेत पुढच्याला मागचा माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. "उजवीकडं मार." "थांब." "आता दोघं मिळून." पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझे तळहात सोलून निघाले. त्यांनी आपला पंचा फाडून मला दोन पट्ट्या दिल्या.

नदी मोठी होती, संथ होती. मधूनच खडकांतून वाट काढताना तिला वेग येई. मी समोर पाहत होते, पण काय पाहिलं ते मला आज सांगता येणार नाही. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. ते मी निरनिराळ्या प्रकारांनी मांडून बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरमोरीच्या बरंच खाली, नदीच्या मधोमध असलेल्या एका वाळूच्या बेटावर आम्ही उतरलो. एका अंगाला खोल धार होती. दुसऱ्या अंगाला रुंद, उथळ पाणी, त्यापलीकडे जंगल. बाबूजींनी चूल मांडली, खिचडी टाकली. सूर्य झाडांच्या मागे गेला होता, पण उजेड होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं,

"बाबूजी, मी लग्न करते आहे."

त्यांनी पातेल्यातून नजर वर केली नाही. "कोण आहे?"

"पराग कोलते. आमच्या दवाखान्यात आईला घेऊन यायचे, तिथली ओळख. त्यांचीही बायको वारली आहे. मूलबाळ नाही."

"नागपूरलाच असते?"

"होते. आता विशाखापट्टणमला बदली झाली."

ते पळी फिरवत राहिले. मग म्हणाले, "मिथू?"

"माझ्यासोबत."

"म्हणजे तिकडं."

"हो. तिकडं."

खाली लाकूड सरकलं, ठिणग्या उडाल्या. मी वाट पाहत होते. ते रागावतील असं मी धरून चालले होते आणि त्याची उत्तरं माझ्याजवळ तयार होती.

"खिचडी लागून राहिली," ते म्हणाले आणि पातेलं खाली उतरवलं.

आम्ही जेवलो. त्यांनी भांडी वाळूने घासली, धुतली, पालथी घातली. मग तंबूत जाताना म्हणाले, "थंडी आहे. अंगावर जास्तीचं घेजो." त्यानंतर मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

धुकं वर जायला बराच वेळ लागला. ते गेल्यावर दोन्ही काठ दिसू लागले आणि नदी दूरवर रिकामी दिसली. वरही, खालीही. फोनला रेंज नव्हती, ती आदल्या दिवसापासूनच नव्हती. उथळ अंगाने पाणी ओलांडून मी काठाला जाऊ शकले असते. गुडघाभर, फार तर कमरेएवढं पाणी होतं. पुढे जंगलातून एखादी पायवाट सापडली असती, गाव लागलं असतं, माणसं शोधायला निघाली असती. मी चपला हातात घेऊन पाण्यात शिरलेही. मग थांबले. ते परत आले आणि मी इथे नसले तर, असं मनात आलं. चष्म्याशिवाय त्यांना हे बेटही ओळखू आलं नसतं. माझा तंबू लाल होता, तो तेवढा लांबून दिसला असता. मी मागे फिरले आणि त्यांचाही तंबू उभा केला, शेजारीच, म्हणजे रंग जास्त दिसेल.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही.

मी खालच्या टोकाला जाऊन बसले, जिथून नदीचा लांबवरचा भाग दिसत होता. माझी नजर पाण्यावरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्यावर जात होती. एक ठिपका लाकूड निघाला. एक ठिपका बुडाला आणि पाणकावळा होऊन वर आला. मी पाहत राहिले. दुसरं काही शोधत असताना डोळ्यांना बाकीचंही दिसत राहतं. नदीवर किती जण राहतात ते मला त्या सकाळी दिसलं. पिवळ्या चोचीचे, काळ्या टोपीचे सुरय पाण्यावर चोच खाली करून ये-जा करत होते आणि मधूनच दगडासारखे पडत होते. माझ्या पायाशी ओल्या वाळूत गोगलगायींच्या वळणावळणाच्या रेघा होत्या, प्रत्येक रेघेच्या टोकाला एक गोगलगाय. काल इथे उतरताना मी त्यांच्यावरून चालत गेले असणार.

मग समोरच्या धारेतून तीन डोकी वर आली.

पाणमांजरं होती. ती एकामागून एक वाळूवर चढली, माझ्यापासून फार लांब नव्हे. एकाच्या तोंडात मासा होता, अजून शेपूट हलवणारा. त्याने तो दोन्ही पंजांत धरून डोक्याकडून खायला सुरुवात केली. त्याचा कुरकुर आवाज मला ऐकू येत होता. दुसरी दोघं वाळूत पाठीवर लोळून अंग कोरडं करू लागली. एकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात ना भीती होती, ना ओळख. मग ते पुन्हा लोळायला लागलं.

दोन वर्षं माझ्याकडे जो तो पाहत होता. दवाखान्यात, घरी, लग्नाकार्यात. हिचं कसं होणार असं त्या पाहण्यात असे, किंवा ही हसते कशी असं असे. त्या प्राण्याच्या पाहण्यात तसलं काहीच नव्हतं. मी तिथे बसले होते आणि नदीवर बाकी सगळं चालू होतं. माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. मी उठून थैलीतला चिवडा काढला आणि खाल्ला. खाताना खालच्या वळणाकडे पाहत होते. माझे सासरे बहुधा जिवंत नाहीत असं मला वाटत होतं आणि चिवड्यात मीठ कमी आहे हेही कळत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी होत्या.

उन्हं वर आली तशी दक्षिणेकडून ढग आले आणि वारा सुटला. खालून वर, नदीच्या उलट. पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि तंबूंची कापडं फडफडू लागली.

दुपार उलटल्यावर वळणावर पिवळं काहीतरी दिसलं.

ते इतकं हळू येत होतं की ते हलतं आहे की नाही हेच आधी कळेना. काठाकाठाने, उथळातून. मग दिसलं की माणूस नावेत नाही, पाण्यात आहे. कमरेएवढ्या पाण्यातून चालत, नाव दोरीने ओढत. मध्येच खोल लागलं की तो नावेत चढे, थोडं वल्हवे, पुन्हा उतरे. मी धावत गेले नाही. का, ते मला सांगता येत नाही. मी बेटाच्या टोकाशी उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिले. त्यांना मी दिसत होते की नुसता लाल रंग दिसत होता, कोण जाणे.

ते जवळ आले तेव्हा मी पाण्यात उतरून नावेचं तोंड धरलं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. उजवा हात अंगाशी लटकला होता आणि दोरी डाव्या हाताला गुंडाळलेली होती. मी ती सोडवली. खाली कातडी गेली होती.

मी त्यांना चष्मा दिला. त्यांनी तो घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"चहा ठेवू का?" मी विचारलं.

"ठेव," ते म्हणाले.

त्यांनी तीन कप चहा प्यायला, एकापाठोपाठ. मी त्यांना कोरडे कपडे दिले आणि पाठ करून बसले. खांद्याला तेल चोळून दिलं. हात खांद्याच्या वर जात नव्हता. या सगळ्यात आमचं बोलणं झालं ते एवढंच, की इथे आज राहण्यात अर्थ नाही, आभाळ आलं आहे, अंधार पडायच्या आत काठाला लागलेलं बरं.

"मागं मी बसते," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. पुढे जाऊन बसले, वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मी नाव ढकलली आणि मागे चढले.

आता मला त्यांची पाठ दिसत होती. मी ती कधी नीट पाहिलेली नव्हती. मान बारीक झाली होती, कॉलर सैल होती. नाव चालवणं मला सुरुवातीला जमेना, ती भलतीकडेच जाई. ते मागे न बघता सांगत होते, "डाव्या अंगानं ठेव. उजवीकडं उथळ आहे," आणि मी तसं करत होते. हळूहळू जमू लागलं. वारा समोरून होता, पण नाव सरळ होती.

बेट मागे पडलं. त्यानंतर ते बोलले.

"सकाळी मी परत येण्यासाठी नव्हतो गेलो, हर्षा."

"माहीत आहे."

"कसं?"

"चष्मा ठेवला होता तुम्ही."

त्यांनी मान हलवली. मी वल्हं मारत होते.

"तुझ्यावर राग नव्हता," ते म्हणाले. "हे आधी सांगतो. रागानं नाही गेलो. रात्रभर विचार करून राहिलो होतो. लोकेश गेला तेव्हा मी म्हटलं, पोर आहे. पोरीचं करायचं आहे. शाळेत घालायची, सायकल शिकवायची. दोन वर्षं मी तेच धरून चाललो. आता ते पण जाते आहे, तर मंग मी काहून उठायचं सकाळी? एवढंच. बाकी काही नाही."

मी वल्हं दुसऱ्या बाजूला घेतलं.

"खाली आलो. धुक्यात काही दिसत नव्हतं, चष्मा असता तरी दिसलं नसतं. पुढं मोठा डोह आहे. तिथवर जायचं असं ठरवलं होतं. वल्हं आत घेऊन टाकलं. धार नेईल तशी जाऊ दे म्हटलं." ते थांबले. "मंग वारा सुटला."

"हो. इथंही सुटला."

"मी मागं बसलेलो. समोर वजन नाही. तोंड पाण्यावर उचललेलं. अशी नाव वाऱ्याच्या हातात जाते. वारा खालून वर. तोंड गर्रकन फिरलं आणि वर झालं. म्हणजे तू होतीस तिकडं." त्यांनी डावा हात उचलून हवेतच फिरवून दाखवला. "मी वल्हं घेतलं, सरळ केली, खाली तोंड केलं. पुन्हा फिरली. पुन्हा सरळ केली. मला चीड आली. मरायला चाललो आणि नाव ऐकून नाही राहिली. असं करत करत हात दुखाला लागला. मंग मी तिला सोडून दिलं. म्हटलं, कर तुला काय करायचं ते. ती वर तोंड करून उभी राहिली. धार मागं ओढे, वारा पुढं ढकले. हलेना."

"मग?"

"मंग आठवलं की तू तिथं बेटावर एकटी आहेस. तोवर, खरं सांगतो, तू माझ्या ध्यानातच नव्हतीस. जेवणाचं सामान ठेवलं होतं, झालं, असं वाटत होतं." त्यांचा आवाज बदलला नाही. "त्यात देवाचं वगैरे काही नाही. रिकाम्या जागेमुळं तसं होते. मी मुलांना शिकवलं असतं तर फळ्यावर काढून दाखवलं असतं."

थोड्या वेळाने त्यांची पाठ हलू लागली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, उजवा कमी, डावा जास्त. त्यांना माहीत होतं की मला दिसतं आहे. मला माहीत होतं की त्यांना माझा चेहरा दिसत नाही. मी वल्हं मारणं थांबवलं नाही. थांबले असते तर नाव फिरली असती.

बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"मिथूला इथं ठेव," ते म्हणाले. "आम्ही दोघं आहोत. शाळा चांगली आहे."

"नाही, बाबूजी."

"दोन-तीन वर्षं तरी. तुमचं तिकडं बस्तान बसेपर्यंत."

"नाही. ती माझ्यासोबत राहील. सुट्ट्यांत येईल. सगळ्या सुट्ट्यांत."

मी हे शांतपणे म्हटलं. सकाळभर जे झालं त्यानंतर नाही म्हणणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांना खोटं सांगायचं नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं.

"बरं," ते म्हणाले. आणि पुढे, "लग्नाला मी येणार नाही."

"बरं."

"राग नाही. जमणार नाही मला."

आणि ते खरोखर आले नाहीत. सासूबाई आल्या, माझी ओटी भरली, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेल्या. पराग आणि बाबूजी पहिल्यांदा समोरासमोर बसले ते त्यानंतर दोन वर्षांनी, आणि तेव्हाही ते एकमेकांशी पावसापाण्यावरच बोलले. पण मिथू दर सुट्टीत तुमसरला गेली. तलावात पोहायला ती त्यांच्याकडूनच शिकली, सायकलही. बाबूजी जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेत गेले, आपल्या अंथरुणात.

त्या संध्याकाळी आम्ही एका गावाजवळ काठाला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून एस.टी. मिळाली असती. मी विचारलंही, बसने जायचं का. ते म्हणाले, "तुला थकवा असेल तर जाऊ." मला थकवा होता. पण मी म्हटलं, नावेनेच जाऊ.

पुढचे दोन दिवस मी मागे आणि ते पुढे. एका वल्ह्यावर नाव हळू जात होती. घाई कुणालाच नव्हती. ते आता बोलत होते, पण नदीविषयी. कुठला खडक पावसाळ्यात बुडतो, धार दरवर्षी काठ कसा खात जाते. चक्रवाकांची जोडी दिसली तर ते डावा हात वर करत आणि मी वल्हं थांबवून नाव नुसती वाहू देत असे. भगव्या रंगाचे ते मोठे पक्षी आम्हाला अगदी जवळ येऊ देत, मग ओरडत उठून जात. खडकांतून वेगाने पाणी जाई तिथे ते म्हणत, "आता तू बघ. मला नाही सांगता येत," आणि मी बघत असे. पाण्याचा गुळगुळीत भाग कुठे आहे, फेस कुठे आहे, नाव कुठून जाईल. एकदा नाव आडवी होऊन कलंडली आणि दोघंही भिजलो. बाबूजी उठून उभे राहिले, चष्मा डोळ्यांवर आहे का ते चाचपून पाहिलं आणि हसले. लोकेश गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मार्कंड्याची देवळं लांबून दिसली तेव्हा मी वल्हं जरा हळू केलं.

घाटावर सासूबाई उभ्या होत्या. त्या आदल्या दिवशीच मिथूला घेऊन आल्या होत्या आणि धर्मशाळेत रात्र काढली होती. मिथू पायऱ्यांवरून धावत खाली आली आणि आधी आजोबांना नाही, मला नाही, नावेला हात लावला. आम्ही सामान वर आणलं, हातपाय धुतले. सासूबाईंनी झाडाखाली सतरंजी टाकून डबे उघडले. भाकरी, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे. वडे आदल्या दिवशी केलेले होते.

मी घास घेणार इतक्यात बाबूजी म्हणाले, "हर्षाचं लग्न ठरलं आहे."

सासूबाईंचा हात डब्यावर थांबला.

"मुलगा विशाखापट्टणमला असते," ते म्हणाले. "मिथू पण तिकडंच राहणार. सुट्टीत येईल."

हे मी सांगायचं होतं. वाटेत मी त्याची वाक्यं पुन्हा जुळवली होती. आता ती लागली नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पायऱ्यांकडे पाहत होत्या. तिथे मिथू ओंजळीने नावेत पाणी भरत होती.

"तुम्हाला केव्हा कळलं?" त्यांनी विचारलं.

"नदीवर."

"मंग तुम्ही काय म्हणाले?"

"बरं म्हणालो."

त्यांनी पदराने डोळे पुसले, एकदाच. मग भाकरीचा डबा माझ्याकडे सरकवला. आम्ही जेवू लागलो. बाबूजी डाव्या हाताने जेवत होते, ते सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या काही वेळ पाहत राहिल्या.

"पण एक दिवस उशीर काहून झाला?" त्या म्हणाल्या. "मी काल दिवसभर घाटावर होती. लोक विचारत होते, कोण येणार आहे म्हणून."

"रस्ता चुकलो," बाबूजी म्हणाले.

"नदीत?"

"हो."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. डब्यात एकच वडा राहिला होता. तो सासूबाईंनी मोडला, अर्धा बाबूजींच्या ताटात ठेवला आणि अर्धा माझ्या.